पाठवणीचा आवाज

नाशिक रोड स्टेशनातून बाहेर पडून बिटको चौकाकडे निघालं, की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ‘शुभमंगल व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ अशी पाटी दिसते. पाटी शेखर अहिरेची. उन्हापावसानं तिच्यावरचं ‘शुभ’ कधीच उडालंय, नुसतं ‘मंगल’ शिल्लक आहे, आणि ते रंगवून घे म्हणून त्याची बायको पूजा सांगून सांगून थकली. शूटिंगला शेखरला हल्ली कुणी बोलावत नाही. ड्रोन उडवणारी, नवरानवरीला धरणाच्या भिंतीवर नेऊन उगाच पळायला लावणारी पोरं आली आणि शेखरचा कॅमेरा कपाटात गेला. पण घराघरांत दिवाणाच्या पोटात जुन्या लग्नांच्या कॅसेटी पडून होत्या, आणि त्या लावायला कुणाकडे व्हीसीआर उरला नव्हता. शेखरकडे होता. त्यावर त्याची पोळीभाजी निघू लागली.

लोक कॅसेट आणून देतात. तो ती कॉम्प्युटरवर उतरवतो आणि मोबाइलवर चालेल, घरच्या ग्रुपवर जाईल अशी करून देतो. त्याच्या धंद्यात फाइलला वजन असतं. ‘ही फार जड आहे मावशी, जायची नाही. हलकी करून देतो,’ असं तो म्हणतो, आणि मावशीला ते लगेच पटतं. हलकी केली की चित्र थोडं मळकं होतं, पण नवऱ्याची मिशी आणि करवलीचा रुसवा ओळखू आला की लोकांचं समाधान होतं. ज्यांचं होत नाही त्यांना तो सांगतो, व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, वाटेत खराब होणार नाही. हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय, की तो झोपेतही हेच बडबडतो असं पूजा सगळ्यांना सांगत सुटते.

शेखर मूळचा नामपूरचा. दहावीला गणितानं दगा दिला, तेव्हा मामानं त्याला नाशिक रोडला आणलं आणि एका व्हिडिओवाल्याच्या हाताखाली लावून दिलं. सुरुवातीला त्याच्याकडे लाइट धरायचं काम होतं. तो मोठा हॅलोजन लाइट डोक्यावर उचलून नवरीच्या तोंडावर मारायचा, नवरीला घाम फुटायचा, आणि वरमाई त्याच्यावर खेकसायची. मग यथावकाश कॅमेरा हातात आला, पुढे स्वतःचा गाळा झाला. आणि मिक्सिंगला बसल्यावर मात्र गड्याला आपलं खरं अंग सापडलं.

मिक्सिंग म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. लग्नात दिवसभर घेतलेलं चित्रण कापायचं, जोडायचं, नवरीला हृदयाच्या आकारात बसवायचं, नवऱ्याला फुलातून उगवायला लावायचं, आणि सगळ्यावर गाणी चढवायची. हळदीचं गाणं ठरलेलं, वरातीचं ठरलेलं, पाठवणीचं तर अगदीच ठरलेलं. हे सगळं करण्याआधी पहिलं काम एकच असे: मूळ आवाज बंद करायचा. त्यात असायचं तरी काय? जनरेटरची घरघर, बँजो, पंक्तीतल्या वाढप्यांची आरडाओरड, ‘अहो पाटील, इकडं बसा’. मंगलाष्टकं तेवढी ठेवायची, बाकी तो सगळा कचरा, असं त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. तेव्हा सगळेच असं करत. आवाज ठेवला असता तर गिऱ्हाइकानंच कॅसेट तोंडावर फेकली असती.

आणि कॅसेट चांगली की वाईट, हे शेवटी पाठवणीवर ठरायचं. त्यात शेखरचा हात धरणारा नाशिक रोडपासून सटाण्यापर्यंत कुणी नव्हता. नवरी आईच्या गळ्यात पडली, की तो चित्र संथ करायचा, गाण्याची नेमकी ओळ नेमक्या हुंदक्यावर टाकायचा. ‘लग्नात रडलो नाही एवढं शेखरची कॅसेट बघून रडलो,’ असं बायका म्हणायच्या, आणि शेखर लाजून हसायचा. आपण लोकांचं दुःख नीट बसवून देतो याचा त्याला मनापासून अभिमान होता. खोटं कशाला बोला, तो आजही थोडा आहे.

यंदा तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला लताबाई बच्छाव दुकानात आल्या. नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या जयराम बच्छावांच्या त्या पत्नी. जयराम आता नाहीत. माहेर बागलाणातलं, त्यामुळे शेखरला बघितलं की त्या आधी अहिराणीत विचारणार, ‘बरं शे ना रे?’ आणि मग नाशिकच्या मराठीवर येणार. त्या दिवशीही तसंच झालं. पण त्यांच्या पिशवीतून जी कॅसेट निघाली, ती शेखरनं बघताक्षणी ओळखली. वरच्या चिकटपट्टीवर त्याचंच वळणदार अक्षर होतं. चि. सौ. कां. मनीषा.

मनीषा ही लताबाईंची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न शेखरनंच शूट केलं होतं. सटाण्याच्या पुढं एका गावात तिला दिली होती. तिसऱ्या वर्षी निरोप आला, विहिरीवर पाय घसरला. सासरच्यांनी तसं सांगितलं, पोलिसांनी तसं लिहून घेतलं, आणि जयराम-लताबाईंनीही तसं मानून घेतलं. कारण मागे आठ महिन्यांची आरोही होती, आणि निदान ती तरी आपल्या हाती यावी यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. ती आली. नाशिक रोडच्या त्यांच्या घरात वाढली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली. आता राकेश नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, संक्रांतीनंतरची तारीख धरली होती.

‘आरोही म्हणते, आईनं लग्नात जो उखाणा घेतला तोच मला घ्यायचाय,’ लताबाई म्हणाल्या. ‘नाव तेवढं राकेशचं घालीन म्हणते. आता मला कुठला आठवायला? त्या दिवशी मी मेली पंक्तीकडे बघू का व्याह्यांकडे. तू कॅसेट उतरवून दे. ऐकून लिहून घेते.’

मग त्या म्हणाल्या, ‘परवा तिनं विचारलं, आजी, आईचा आवाज कसा होता गं? मी म्हटलं, तुझ्यासारखाच. पण शेखर, खरं सांगू का, मला आता तो आठवत नाही रे. चेहरा दिसतो. तोंड हललेलं दिसतं. आवाज येत नाही.’

म्हाताऱ्या बाईनं हे अशा शरमेनं सांगितलं, की जणू पोरीची ठेवलेली वस्तू तिनं निष्काळजीपणानं हरवली होती. शेखरनं कॅसेट लावली.

उखाण्याचा प्रसंग आला. मनीषा मुंडावळ्या सावरत, खाली बघत, ओठ हलवत होती. आजूबाजूच्या बायका हसत होत्या. वर सनई आणि गाणं जोरात चालू होतं.

‘आवाज वाढव,’ लताबाई म्हणाल्या.

‘काकू, आवाज नाहीये. गाणं आहे.’

‘मग गाणं काढ की.’

‘गाण्याखाली काही नाहीये.’

‘असं कसं? ती बोलतेय ना. दिसतंय ना ढळढळीत.’

शेखरनं त्यांना समजावून सांगितलं. तेव्हा तशीच पद्धत होती, मूळ आवाज मीच काढला होता, सगळ्यांच्याच कॅसेटमधून काढायचो. लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘का रे?’ इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्या गेल्यावर त्याचं कशात लक्ष लागेना. त्याला एक गोष्ट आठवली. मिक्सिंग झालं की तयार कॅसेट गिऱ्हाइकाकडे जायची, पण लग्नातली मूळ कॅसेट दुकानातच राहायची. तिच्यावरच पुढचं लग्न घ्यायचं, मग त्याच्यावर त्याच्या पुढचं. जुनी चिकटपट्टी काढायलाही कुणी बसायचं नाही, नवी वर लावून मोकळे. म्हणजे मनीषाचं मूळ चित्रण पुसलं गेलं असणार, हे उघड होतं. पण पुढचं लग्न थोडक्यात आटोपलं असेल, तर टेपच्या शेवटी आधीचं काहीतरी तसंच राहिलेलं असू शकतं.

पूजाला खाली उभं करून तो माळ्यावर चढला. एका गोणीत त्या सगळ्या कॅसेटी होत्या, बुरशीनं पांढऱ्या झालेल्या. पूजा एकेकीच्या चिकटपट्ट्या ओल्या फडक्यानं भिजवून सोलत बसली. एका नवरीखाली दुसरी नवरी निघत होती. ‘किती जणींना एकमेकींवर झोपवलंत तुम्ही,’ ती म्हणाली. ती गमतीनंच म्हणाली होती, पण शेखरला ते लागलं. शेवटी नामपूरच्या कुणा भामऱ्यांच्या पट्टीखाली मनीषाचं नाव निघालं.

त्यानं कॅसेट उघडली, टेप हलक्या हातानं पुसून काढली आणि व्हीसीआरमध्ये घातली. भामऱ्यांचं लग्न चालू झालं. हळद, वरात, हार, जेवणं. उखाण्याच्या जागी भामऱ्यांची सून लाजत होती, म्हणजे मनीषाचा उखाणा गेला तो गेला. शेखरचा धीर सुटत चालला. भामऱ्यांच्या घरी लक्ष्मीपूजन झालं, कुणीतरी कॅमेऱ्यासमोर हात हलवला, चित्र फाटलं, पडदा निळा झाला, रेघा आल्या. आणि रेघांमधून हिरवा शालू नेसलेली मनीषा बाहेर आली. आईच्या गळ्यात पडत होती.

शेखरनं झटकन टेप थांबवली. स्पीकर बंदच होता. त्याच्या मनात आलं, हा आवाज आधी आपण ऐकायचा नाही. पहिला कान आईचा. माणूस भाबडा, दुसरं काय म्हणायचं. त्यानं तेवढा तुकडा कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि लताबाईंना फोन लावला, ‘काकू, उखाणा नाही मिळाला. पण मनीषाताईचा आवाज मिळाला बहुतेक. पाठवणीचा.’

लताबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. येताना पेढे आणले होते, ते त्यांनी आधी पूजाच्या हातावर ठेवले. आरोहीला त्यांनी फोन करून सांगूनही टाकलं होतं. पोरगी तिकडे ऑफिसात काम सोडून मोबाइल हातात घेऊन बसली होती. शेखरनं काकूंसाठी खुर्ची पुढे ओढली आणि फाइल चालू केली.

आधी नुसता गलका. जीपचा हॉर्न, बायकांचं मुसमुसणं, ‘ती पेटी वर टाका’ म्हणणारा कुणी पुरुष. हे ऐकतानाच लताबाईंचे डोळे भरले. ‘ह्यांचा आवाज,’ त्या म्हणाल्या. तो जयरामांचा होता. मग मनीषानं आईच्या खांद्यावर मान टेकवली. कॅमेरा हातभर अंतरावर होता, त्यामुळे पुढचं अगदी कानाशी बोलावं तसं आलं.

‘आई.’

लताबाईंनी तोंडावर पदर धरला.

‘आई, मला नाही जायचं गं. खरंच नाही जायचं.’

आणि त्यावर लगेच दुसरा आवाज, बाईचाच, तरुण, घाईतला, दबका.

‘अगं, कॅमेरा चालूये. सगळे बघतायत. हस.’

पडद्यावर मनीषानं मान वर केली. कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि ती हसली. मग कुणीतरी तिला धरून जीपकडे नेलं आणि टेप संपली.

पूजा पेढ्यांचा पुडा हातात धरून तशीच उभी होती. शेखरला ते हसणं चांगलं आठवत होतं. तयार कॅसेटमध्ये त्यानं ते संथ केलं होतं आणि त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. गाण्यामुळे असं वाटायचं, की आईनं कानात काहीतरी मायेचं सांगितलं आणि लेक रडता रडता हसली. अख्ख्या गावानं ते बघून डोळे पुसले होते. तो स्वतः हातभर अंतरावर कॅमेरा धरून उभा होता, तरी त्यानं ऐकलं नव्हतं. आणि मिक्सिंगला बसल्यावर तर पहिल्यांदा आवाजाचंच बटण खाली ओढलं होतं.

‘सगळ्याच मुली म्हणतात असं,’ लताबाई म्हणाल्या. ‘पाठवणीच्या वेळी कोण नाही म्हणत? मी पण म्हटलं होतं माझ्या आईला.’

‘हो ना काकू,’ शेखर म्हणाला.

‘पण खरंच म्हणाली रे ती. दोनदा म्हणाली.’ आणि मग त्या रडल्या. हमसाहमशी, तोंड न झाकता रडल्या. विहिरीचा निरोप आला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या, कारण तेव्हा मांडीवर आरोही होती. पूजानं त्यांना कवेत घेतलं तर त्या तिलाच विचारू लागल्या, ‘मला ऐकू आलं होतं ना गं तेव्हा? मग मला आठवत कसं नाही?’

शेखरला वाटलं, आपण ही गोणी उघडलीच नसती तर बरं झालं असतं. एका बाईजवळ पोरीचा चेहरा होता, हलणारे ओठ होते, तेवढ्यावर तिचं चाललं होतं. आपण शहाण्यासारखे गेलो आणि तिच्या पदरात हे टाकलं.

लताबाईंचा मोबाइल वाजायला लागला. आरोही. त्यांनी तो उचलला नाही. डोळे पुसले, नाक पुसलं आणि त्या खुर्चीत नीट बसल्या.

‘ते हस म्हणतेय तो माझा आवाज काढ,’ त्या म्हणाल्या.

शेखरनं काढला. मनीषाचं बोलणं तेवढं ठेवून पुढचं कापलं आणि पुन्हा लावून दाखवलं. आई, मला नाही जायचं गं. खरंच नाही जायचं. आता तर ते आणखीच एकटं ऐकू येत होतं.

‘हे कसं पाठवू पोरीला?’ लताबाई म्हणाल्या. ‘हळद लागायची आहे तिला. हेही काढ.’

शेखरनं माउसवरचा हात काढून घेतला. ‘काकू, एकदा मी काढलाच होता तिचा आवाज. आता परत माझ्याच हातानं नका करायला लावू.’

‘आरोहीचं लग्न आहे रे,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं पुसू नको. पूर्ण आहे ते मला माझ्या मोबाइलवर दे. ते मी ऐकेन. तिला तेवढं पहिलं आई म्हटलेलं पाठव.’

शेखरनं कापलं. एवढी छोटी फाइल त्यानं आयुष्यात केली नव्हती. चित्रात मनीषा आईच्या खांद्यावर मान टेकवते, एकच शब्द उच्चारते आणि संपतं. हलकी करायची गरजच नव्हती. त्यानं ती लताबाईंच्या मोबाइलवरून आरोहीला पाठवली, तशीच, डॉक्युमेंट म्हणून, वाटेत जराही खराब होऊ नये म्हणून.

थोड्याच वेळात फोन आला. शेखरनंच तो उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडे आरोही रडत होती आणि हसतही होती.

‘आजी! मी कितींदा लावून ऐकलं. आई म्हणतेय गं ती! ती पण कुणालातरी आई म्हणायची, हे माझ्या कधी मनातच नव्हतं आलं. किती गोड आवाज आहे.’

‘हो बाळा.’

‘पण लगेच संपतं गं. पुढे काय म्हणाली ती?’

लताबाईंनी शेखरकडे पाहिलं. शेखरनं मान खाली घातली.

‘पुढं मीच बोलले,’ त्या म्हणाल्या.

‘तू काय म्हणालीस?’

‘हस म्हटलं.’

‘मग? हसली?’

‘हसली ना,’ लताबाई म्हणाल्या. ‘लगेच हसली. माझं सगळं ऐकायची ती.’